अंधाराचे मोजमाप

बस्तर जिल्हा अविभाजित मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. १९८६ च्या उन्हाळ्यात शासकीय दौऱ्याच्या निमित्ताने माझे जगदलपूरला जाणे झाले आणि काम आटोपल्यावर कांगेर खोऱ्यातील कोटुमसरची गुहा पाहण्याचा योग आला. तोंड इतके अरुंद की अंग चोरूनच आत शिरावे लागले. आत गेल्यावर मात्र प्रशस्त दालने आणि बाहेर कधीही अनुभवास न येणारा काळोख. पेट्रोमॅक्स घेतलेला आमचा वाटाड्या एका उथळ डबक्यापाशी थांबला. पाण्यात दीड-दोन इंच लांबीचे फिकट मासे होते. त्याने बत्ती पाण्यावर धरली. माशांत फारशी गडबड उडाली नाही. एखाददुसरा सावकाश दगडाआड सरकला. मग त्याने एका बोटाने पाण्याला हलकेच स्पर्श केला, त्याबरोबर सगळे मासे क्षणार्धात पांगले. वाटाड्या हसला. आम्हा साहेबलोकांना तो हा खेळ नेहमी दाखवीत असावा.

त्या रात्री दैनंदिनीत मी नोंद केली, ‘गुहेत आंधळे मासे आहेत.’ बोट लागताच ते कसे पांगले, हे मात्र लिहायचे राहून गेले. पुढे निवृत्तीनंतर या विषयावरचे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले, की माझ्या हातून एका रात्री जे घडले तेच विज्ञानाच्या हातून जवळजवळ शंभर वर्षे घडत होते. या माशांना काय नाही याची नोंद आधी झाली; त्यांना काय आहे याचे मोजमाप फार उशिरा सुरू झाले. त्या उशिराचा आणि त्या मोजमापाचा हा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत होते. १८३८ मध्ये ही गुहा फ्रँकलिन गोरिन नावाच्या वकिलाने घेतली आणि पर्यटकांना ती दाखवण्याच्या कामावर स्टीफन बिशप या आपल्या गुलामाला नेमले. बिशपचे वय तेव्हा सतरा-अठराच्या आसपास होते. गुहेत एका ठिकाणी ‘अथांग खड्डा’ म्हणून ओळखली जाणारी खोल दरी होती आणि तिच्यापलीकडे तोवर कोणी गेले नव्हते. बिशप ती दरी ओलांडून गेला. पलीकडे त्याला नवी दालने सापडली, भूमिगत नद्या सापडल्या आणि त्या नद्यांत पांढुरके, नेत्रहीन मासे सापडले. पुढे त्याने स्मरणाच्या बळावर गुहेचा नकाशा काढला आणि तो १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात छापला गेला. १८५६ मध्ये त्याला गुलामीतून मुक्ती मिळाली आणि १८५७ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला. त्याच्या थडग्यावर १८८१ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी, दगड बसला आणि त्यावर मृत्यूचे साल १८५९ असे चुकीचे कोरले गेले. नोंदी ठेवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही चूक बोचते. ज्याने गुहेचा नकाशा काढून दिला, त्याच्या मरणाची साधी तारीखही कोणाला नीट लिहिता आली नाही.

त्या माशाचे शास्त्रीय वर्णन जेम्स डीके या प्राणिशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये केले. नाव दिले ‘अँब्लिऑप्सिस’, म्हणजे मंद दृष्टीचा. १८५९ मध्ये तशाच दुसऱ्या माशाला नाव मिळाले ‘टिफ्लिक्थिस’, म्हणजे आंधळा मासा. पुढे १९३६ मध्ये मेक्सिकोतील गुहेतल्या माशाचे नामकरण झाले तेव्हा नाव पडले ‘अ‍ॅनॉप्टिक्थिस’, अर्थात दृष्टीविना मासा. तिन्ही नावांत उणिवेचीच नोंद आहे. एखाद्या माणसाची ओळख त्याच्या व्यंगावरून करून देऊ नये असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी सांगत. शास्त्रज्ञांच्या ग्रीक भाषेला हा संकेत ठाऊक नसावा.

त्या काळच्या विद्वानांना पडलेला प्रश्नही उणिवेचाच होता : डोळे गेले कसे? लुई अगासी यांनी १८५१ मध्ये मत मांडले, की हे प्राणी आज जेथे आहेत तेथेच, त्याच परिस्थितीत निर्माण झाले. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात याच्या उलट बाजू घेतली. अंधारात डोळे निरुपयोगी असले तरी ते अपायकारक कसे ठरतील हे त्यांना कळेना. म्हणून डोळ्यांचा ऱ्हास त्यांनी सर्वस्वी अनुपयोगाच्या खाती टाकला. परंतु डार्विन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे, की त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. अंधत्वाची भरपाई म्हणून अशा प्राण्यांच्या स्पर्शिका वगैरे अवयवांत वाढ झालेली आढळेल आणि ती निसर्गनिवडीची करणी असेल, असे ते म्हणतात. वाद मात्र पुढची कित्येक दशके पहिल्या वाक्यावर झाला. दुसरे वाक्य कोपऱ्यात पडून राहिले.

ते दुसरे वाक्य गांभीर्याने घेणाऱ्यांत इंडियाना विद्यापीठातील कार्ल आयगेनमन यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा अमेरिकेतील गुहावासी पृष्ठवंशीय प्राण्यांवरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जिवंत मासे पाळून पाहिले, पिले वाढवली आणि अँब्लिऑप्सिसच्या डोक्यावरील बारीक उंचवट्यांच्या ओळींचा बारकाईने अभ्यास केला. हे उंचवटे स्पर्शाचे काम करतात हे त्यांनी ओळखले. पण स्पर्श म्हणजे नेमके काय? वस्तू अंगाला लागली तर तो स्पर्श; पाण्यात दूरवर काही हलले आणि ते माशाला कळले, तर त्याला काय म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर गुहेच्या बाहेर, उजेडातल्या माशांच्या अभ्यासात आकार घेत होते. आपल्या ताटातल्या माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी एक रेघ दिसते, ती पार्श्वरेखा. रोहूसारख्या माशाचे खवले काढणाऱ्या प्रत्येक हाताला ती परिचित आहे. सतराव्या शतकात, १६६४ च्या सुमारास, निल्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने माशांच्या कातडीखालील अशा नलिकांचे वर्णन केले. अंगावरचा बुळबुळीत स्राव या नलिकांतून येत असावा अशी समजूत झाली आणि ती तब्बल दोन शतके टिकली. १८५० मध्ये फ्रान्झ लायडिश यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या नलिकांत मज्जातंतू येऊन पोचलेले पाहिले, तेव्हा कळले की ही स्रावाची मोरी नसून ज्ञानेंद्रिय आहे. माणसाकडे नसलेले हे इंद्रिय असल्याने ते पुढे ‘सहावे इंद्रिय’ म्हणूनही गाजले.

इंद्रिय सापडले, पण ते कशाचे ज्ञान करून देते हे ठरायला आणखी ऐंशी वर्षे लागली. १९०४ मध्ये जॉर्ज पार्कर यांनी माशांच्या पार्श्वरेखेचे मज्जातंतू तोडून पाहिले आणि पाण्यातील मंद गतीच्या कंपनांशी या इंद्रियाचा संबंध आहे असा निष्कर्ष काढला. १९०८ मध्ये ब्रुनो होफर यांनी जर्मनीत सांगितले, की कंपने नव्हेत, पाण्याचे क्षीण प्रवाह हा त्याचा विषय आहे. हे दोन पक्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. १९३० च्या दशकात स्वेन डाइखग्राफ या डच संशोधकाने दृष्टी काढून घेतलेल्या माशांना पाण्याच्या बारीक झोताची आणि खाद्याची सांगड घालायला शिकवले. झोत येताच मासा खाद्याच्या आशेने वळे. पार्श्वरेखा निकामी केली की वळत नसे. या इंद्रियाला त्यांनी दिलेल्या जर्मन नावाचा अर्थ ‘दूरस्पर्श’ असा होतो. मला हे नाव फार समर्पक वाटते. येथे पहिल्यांदाच नाव उणिवेवरून पडले नाही, क्षमतेवरून पडले.

पार्कर आणि होफर यांचा वाद १९६२ मध्ये हॅरिस आणि व्हॅन बर्गाइक यांच्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी मिटला. पाण्यात एखादी वस्तू थरथरली की दोन गोष्टी घडतात. एक तर दाबाची लाट दूरवर जाते, तो ध्वनी. दुसरे असे, की वस्तूच्या अगदी जवळचे पाणी प्रत्यक्ष मागे-पुढे हलते. ही हालचाल अंतरागणिक फार झपाट्याने विरते. अंतर दुप्पट झाले तर ती सुमारे आठपट क्षीण होते. पार्श्वरेखा जाणते ती ही दुसरी गोष्ट. म्हणून तिचा पल्ला माशाच्या शरीराच्या एक-दोन लांबींइतकाच, पण त्या पल्ल्यात ती अत्यंत तल्लख. कंपन म्हणा की प्रवाह म्हणा, इंद्रियाच्या दृष्टीने दोन्ही पाण्याच्या हालचालीच होत.

या इंद्रियाचा घटक म्हणजे न्यूरोमास्ट. सूक्ष्म रोम असलेल्या पेशींचा हा पुंजका असतो आणि त्यावर जेलीसारखी मऊ टोपी असते. पाणी हलले की टोपी कलते, टोपी कलली की रोम वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. आपल्या कानाच्या आतल्या भागातही अशाच रोमपेशी आहेत. काही न्यूरोमास्ट नलिकांत दडलेले, तर काही कातडीवर उघडे असतात. उघडे न्यूरोमास्ट पाण्याच्या वेगाला, तर नलिकांतले त्या वेगात होणाऱ्या बदलाला प्रतिसाद देतात.

आता पुन्हा गुहेकडे वळू. मेक्सिकोतील सान लुइस पोतोसी राज्यातल्या क्वेवा चिका या गुहेतून १९३६ मध्ये बाहेर आलेला आंधळा मासा हौशी मत्स्यपालकांमार्फत जगभर पसरला, कारण तो काचेच्या टाकीत आनंदाने जगतो आणि प्रजाही वाढवतो. मॅमथ केव्हच्या माशाला हे जमले नव्हते. शिवाय मेक्सिकोच्या माशाचा डोळस भाऊ आजही तेथील नद्यांत पोहतो आणि दोघांचा संकर होऊन सुपीक प्रजा होते. त्यामुळेच ‘दृष्टीविना’ हे वेगळे नाव कालांतराने मागे पडले आणि दोघेही ‘अ‍ॅस्टिअ‍ॅनॅक्स मेक्सिकॅनस’ या एकाच नावाखाली आले. एकाच कुळातील डोळस आणि आंधळा शेजारी ठेवून तुलना करता येणे, ही मोजमाप करणाऱ्याला लाभलेली पर्वणीच होय.

१९८१ मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे फॉन कांपेनहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशासमोर उभ्या पट्ट्यांची कुंपणे ठेवली. पट्ट्यांमधील अंतर वेगळे असले तर मासा नुसता जवळून सरकत जाऊन तो फरक ओळखी. वस्तू स्थिर असताना हे कसे घडते? तर मासा पोहताना त्याच्याभोवतीचे पाणी सरकते, वस्तूजवळ ते वेगळ्या रीतीने वळते आणि तो बदल त्याच्या अंगावर उमटतो. १९८० च्या दशकात टेके यांनी दाखवले, की अपरिचित टाकीत हा मासा अधिक वेगाने पोहतो आणि जागा परिचित झाली की वेग कमी करतो. म्हणजे तो जागा पाठ करतो. नव्या घरात वीज गेल्यावर आपणही भिंतीवरून हात फिरवीत घर पाठ करतोच की.

मात्र खऱ्या अर्थाने कंपनांना मिळणारा प्रतिसाद अंकांत मोजला गेला तो २०१० मध्ये. मासातो योशिझावा, विल्यम जेफरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात केलेला हा प्रयोग त्याच्या साधेपणामुळे लक्षात राहतो. अंधाऱ्या खोलीत पाण्याचे भांडे, त्यात एक मासा. वरून पाण्यात सोडलेली काचेची दांडी यंत्राने ठरावीक गतीने थरथरवायची. अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्याने चित्रण करायचे आणि तीन मिनिटांत मासा दांडीजवळ किती वेळा आला ते मोजायचे. बस्स, एवढेच. माझ्या वाटाड्याचे बोट आणि ही दांडी यांत तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो मोजण्याचा.

निकाल स्पष्ट होता. गुहेतले मासे दांडीकडे पुनःपुन्हा येत. नदीतले डोळस मासे बहुतांशी येत नसत. कंपनांची गती बदलत गेले असता सर्वाधिक प्रतिसाद ३५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पस्तीस हेलकाव्यांना, मिळाला. पाण्यात वळवळणारे लहान जीव साधारण याच मर्यादेत पाणी हलवतात. दांडी माशाला भक्ष्य वाटत होती. मग संशोधकांनी उलटतपासणी घेतली. पार्श्वरेखा बधिर करणारे द्रव्य पाण्यात मिसळल्यावर येणे थांबले. कातडीवरचे न्यूरोमास्ट, विशेषतः जेथे एरवी डोळा असायचा त्या खोबणीवरचे, काढल्यावर ते कमी झाले. शेवटी अन्नासाठी स्पर्धा लावली. डोळस माशांतही थोडे मासे दांडीकडे आकर्षित होणारे निघाले होते. त्यांना तसे न करणाऱ्यांबरोबर अंधारात सोडले, तेव्हा आकर्षित होणाऱ्यांनी अधिक अन्न मिळवले. उजेडात मात्र त्यांचा हा लाभ उरला नाही.

या शेवटच्या प्रयोगात मला सर्वांत मोठा अर्थ दिसतो. हा स्वभाव गुहेत शिरल्यावर शून्यातून उत्पन्न झाला नाही. नदीतल्या काही माशांत तो आधीपासून होता, पण उजेडात त्याची किंमत नव्हती. उलट थरथरणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे धावणारा मासा कोणाच्या तरी तोंडी पडण्याचीच भीती. अंधाराने त्याला मोल दिले. २०१२ मध्ये याच गटाने दाखवले, की डोळ्याच्या खोबणीवरील न्यूरोमास्टची वाढ, कंपनांकडे जाण्याचा स्वभाव आणि डोळ्यांचा ऱ्हास यांचे आनुवंशिक धागे काही ठिकाणी एकमेकांत गुंतलेले आहेत. डोळे का गेले याचे उत्तर काही अंशी दुसरे काय आले यात दडलेले आहे. २०१५ मधील एका अभ्यासाने डार्विन यांना न सुचलेला अपायही दाखवून दिला : डोळे आणि मेंदूचा दृष्टीचा भाग पोसण्यास या माशाच्या विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेपैकी ५ ते १५ टक्के खर्ची पडते. अन्नाचा दुष्काळ असलेल्या गुहेत हा बोजा थोडा नव्हे. २०२२ मध्ये आणखी एक बारकावा पुढे आला. पोहताना स्वतःच्याच हालचालीने पार्श्वरेखेत गलबला होऊ नये म्हणून माशाचा मेंदू ती तेवढ्यापुरती दाबून ठेवतो. गुहेतल्या माशात हे दाबणे बरेच कमी झालेले आढळले. तो पोहतानाही ‘ऐकत’ असतो.

आपल्या देशात या विषयाची सामग्री विपुल आहे. केरळातील कोट्टायमच्या विहिरीतून आलेल्या आंधळ्या माशाचे वर्णन ए. जी. के. मेनन यांनी १९५० मध्ये केले. मेघालयातल्या गुहेत चाळीस सेंटिमीटरहून लांब असा, जगातील सर्वांत मोठा गुहावासी मासा असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोटुमसरच्या माशाचा ‘इंडोरिओनेक्टेस इव्हेझार्डी’ हा गुहेबाहेरील आप्त फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून वर्णिलेला आहे. ‘इंडोर’ हे अक्षर वाचून मी इंदूरकर म्हणून क्षणभर हुरळलो होतो. पण ती फोड ‘इंडो’ आणि ‘ओरिओनेक्टेस’ अशी आहे, आमच्या शहराचा त्याच्याशी संबंध नाही. रायपूर येथील संशोधकांनी कोटुमसरच्या या माशांवर, सूर्य न दिसणाऱ्या जिवाच्या शरीरात दिवसाचे चक्र कितपत टिकते याविषयी, मोलाचे काम केले. आणि खुद्द मुंबईत, जोगेश्वरीच्या अंधशाळेच्या आवारातील विहिरीतून सापडलेल्या आंधळ्या वामसदृश माशाला ‘मुंबा’ हे नाव मिळाले. येथे नाव गावावरून पडले, व्यंगावरून नाही. एवढी सुधारणा झाली म्हणायची.

सेवेच्या उत्तरार्धात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे एक शिबिर माझ्या देखरेखीखाली झाले. १९९५ च्या कायद्यानुसार ४० टक्के ही किमान मर्यादा होती आणि नमुन्यात टक्केवारीचा रकाना होता. एका वृद्ध अंध गृहस्थांच्या कागदावर १०० चा आकडा लिहिला गेला. शिबिर आवरेपर्यंत ते ओसरीवर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखून नावाने हाक मारीत होते. माझ्या चालीवरून माझा डावा गुडघा दुखतो हेही त्यांनी सांगितले. मग माळवीत त्यांनी सहज विचारले, की हे सगळे कोणत्या रकान्यात लिहिले? मी हसून वेळ मारून नेली. रकाना नव्हता.

माणसाची माशाशी तुलना करण्याचा माझा उद्देश नाही. त्या गृहस्थांची अडचण खरी होती, लाभ त्यांचा हक्क होता आणि उणिवेची नोंद झाल्यावाचून तो मिळाला नसता. परंतु केवळ तीच नोंद करून आपण एखाद्याला पूर्ण ओळखले असे मानणे, ही चूक दप्तरातही होते आणि प्रयोगशाळेतही. डीके यांच्या १८४२ च्या वर्णनापासून योशिझावा यांच्या २०१० च्या दांडीपर्यंत १६८ वर्षे गेली. मधल्या काळात साधने सुधारली हे खरे. पण काचेची दांडी, पाण्याचे भांडे आणि मोजणारा माणूस यांपैकी काहीच नवे नव्हते. नवा होता तो प्रश्न.

कोटुमसरच्या त्या वाटाड्याचे नाव मी तेव्हा विचारले नाही, त्यामुळे आज लिहू शकत नाही. जुनी दैनंदिनी मात्र अजून माझ्याजवळ आहे. हा लेख पुरा करण्यापूर्वी ती काढली आणि १९८६ च्या त्या पानावर, जुन्या नोंदीखाली, एक ओळ वाढवली : ‘पाण्याला बोट लागताच मासे पांगले. वाटाड्याला हे आधीच ठाऊक होते.’